पस्तीस ट्रॅकच्या पलीकडची चित्रं

मला लिहायची सवय नाही. पण बाईंच्या फ्लॉप्यांबद्दल आमच्या मंडळात मी जे सांगितलं ते खोटं होतं, म्हणून लिहायला बसलो.

बाई बहिऱ्या मुलांच्या शाळेत गणित शिकवायच्या. शाळेला देणगीत कॉम्प्युटर मिळाला आणि त्याला कुणी हात लावेना. बाईंनी पुस्तक समोर ठेवून तो आत्मसात केला आणि मुलांसाठी चाळीस धडे लिहिले. प्रत्येक धड्याला चित्र. मधल्या सुट्टीत डबा खाताखाता त्या आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत आणि मग त्यांचे आकडे करत. मी तिथे यंत्रं दुरुस्त करायला जायचो, तेव्हा पाहिलंय.

गेल्या वर्षी त्यांनी त्या धड्यांच्या अकरा फ्लॉप्या माझ्या हाती दिल्या. "डॉक्टर म्हणतो, नजर फार दिवस टिकणार नाही. त्याआधी एकदा बघू दे रे."

आमचं मंडळ म्हणजे आम्ही काही म्हातारे, जुने कॉम्प्युटर जपणारे. फ्लॉपीतलं सगळं एका फाइलमध्ये उतरवायचं, तिला इमेज म्हणतात. एम्युलेटर नावाचा प्रोग्राम जुन्या यंत्राची नक्कल करतो आणि ती फाइल फ्लॉपी समजून वाचतो. साध्या इमेजमध्ये चकतीवरची पहिली पस्तीस वर्तुळं, म्हणजे ट्रॅक, येतात. बहुतेक वेळा तेवढीच वापरलेली असतात. सगळंच घेणारा दुसरा प्रकार आहे, पण त्याला वेळ फार लागतो. मी साधा घेतला. कोऱ्या फ्लॉप्या आता मिळत नाहीत, म्हणून इमेज झाली की फ्लॉपी पुसून गरजूला द्यायची, अशी आमची रीत. मी अकराही पुसून वाटल्या.

बाई आल्या. पडद्यावर शाळेचं नाव उमटलं, पहिला धडा सुरू झाला, आणि चित्राच्या जागी काळोख.

"छत्तिसाव्या ट्रॅकपासून पुढचं घेतलंस ना? चित्रं तिथे आहेत. कुणी नक्कल करून नेऊ नयेत म्हणून मुद्दाम ठेवली होती."

मी पटकन म्हणालो, "बाई, फ्लॉप्यांना बुरशी लागली होती हो. तेवढा भाग गेला."

"अरेरे. माझंच कपाट ओलं," त्या म्हणाल्या. वर मलाच धीर दिला, "तू कशाला तोंड पाडतोस?" मंडळातही मी बुरशीचंच सांगितलं.

घरी आल्यावर लक्षात आलं. पुसतानाही आमचं यंत्र पस्तीसपर्यंतच जातं. म्हणजे चित्रं अजून तिथेच असणार! पण फ्लॉप्या परत मागायच्या तर बुरशी नव्हती हे कबूल करावं लागणार. मंडळात मला सगळे काटेकोर समजतात. मी दोन महिने गप्प बसलो.

मग एकदा त्यांच्या भाचीचा फोन आला. "काका, मावशीला आता अक्षर लागत नाही."

त्याच दिवशी मी सगळ्यांना खरं सांगितलं. नऊ फ्लॉप्या परत आल्या, दोन कुणीतरी टाकून दिल्या होत्या. या वेळी मी सगळे ट्रॅक उतरवले. बाईंसमोरही बोललो.

"दोन महिने मी कपाटाला शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "लाव आता."

चित्र आलं. त्या काचेला नाक टेकवून बसल्या.

"कोणतं आहे?"

"बदकं, बाई."

"किती?"

मी मोजली. सात होती. तसं सांगितलं, आणि पुढे त्यांच्याकडे बघवेना.