बाईसाहेबांचं दार आणि माझा पाना

जर्मनीत मुलाकडे आलेल्या आईवडिलांना काय दाखवायचं याची एक यादी असते. ती कुणी केली ठाऊक नाही, पण घरोघरी तीच: ऱ्हाइनवरची बोट, डोंगरावरचा परीकथेतला किल्ला आणि पॅरिसची धावती सहल. आमच्या मंदारने बाड हॉम्बुर्गच्या घरी ती यादी जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा मी म्हटलं, "मला फक्त बाईसाहेबांना भेटायचंय."

"अहो, कुठल्या बाई?" सौ. सुमनने भाकरी तव्यावर तशीच सोडली.

बाईसाहेब म्हणजे विमान. चार इंजिनांचं, पंख्यांचं, ब्रिटिश बनावटीचं. कागदोपत्री नाव कुठल्याशा सरदारकीच्या हुद्द्याचं, म्हणून सांताक्रूझच्या हँगरमध्ये आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे उमेदवार मेकॅनिक म्हणून लागलो. पाच वर्षं तिच्या पोटात शिरलो, पंखांखाली झोपलो, पण प्रवाशाच्या खुर्चीत एकदाही बसलो नाही. तेलकट डगला घालून खुर्चीत बसणाऱ्याची हजेरी कापत. पुढे बाईसाहेब मोडीत निघाल्या. तिच्या लंबगोल खिडकीशी बसून एकदा बाहेर बघायचं, एवढंच राहून गेलं होतं. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि मंदारनेच मागे कधीतरी सांगितलं होतं की हुन्सरूकच्या टेकड्यांत एका हौशी मंडळाच्या संग्रहालयात अशी एक उभी आहे.

"मी पाना आणलाय," मी जाहीर केलं.

"चकल्यांचा डबा काढून यांनी बॅगेत लोखंड भरलं," सुमन सुनेला म्हणाली. सुनेने सहानुभूतीने मान हलवली आणि 'मला शनिवारी काम आहे' असं सांगून सुटका करून घेतली.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो: मंदार, सुमन, मी आणि अकरा वर्षांची नात रेवा. जाणाऱ्यांसाठी माहिती: गाडीने दोन तास धरा, रस्त्याचं काम लागलं तर तीन. काम लागतंच. टोल नाही. हमरस्त्यावरच्या स्वच्छतागृहाला मात्र एक युरो पडतो, आणि त्याबदल्यात कॉफीवर सूट देणारं कूपन मिळतं, म्हणजे पुढच्या थांब्याची सोय तेच करतात. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं. तिकीट दहा-बारा युरो, ज्येष्ठांना थोडं कमी. थालीपीठं घरून न्या; तिथे फक्त सॉसेज आणि केक.

ऱ्हाइन ओलांडली आणि द्राक्षांचे मळे सुरू झाले. मला शाळेतल्या कवितांचे तास आठवू लागले. आमचे मास्तर डस्टरने टेबलावर ठेका धरून वृत्तं शिकवत. भुजंगप्रयात माझं लाडकं: लगागा लगागा लगागा लगागा. एक लघु, दोन गुरू, चार वेळा. गाडीचे वायपरसुद्धा त्याच चालीत आहेत असं मी म्हटलं.

"बाबा, पाऊस थांबलाय. बंद करू का?" मंदार म्हणाला.

"चरण पूर्ण होऊ दे."

बाईसाहेब कुरणात उभ्या होत्या, रंग उडालेल्या, पण मान ताठ. त्या काळच्या ब्रिटिश कारखान्यांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी विमानं आधी बघण्यासाठी काढली आणि उडणं त्यांत मागाहून बसवलं. खिडक्या लंबगोल, दारंही लंबगोल. जाड प्रवासी सामानासकट आत कसा जाणार, हे विचारणं असभ्यपणाचं. दुरुस्त करणाऱ्याच्या मनगटाला किती सांधे असतात, हे नकाशे काढणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नसावं. पान्यावरचा आकडासुद्धा पान्याच्या तोंडाचं माप सांगत नाही. तो ज्या बोल्टावर नट बसतो त्याची जाडी सांगतो. मापायचं एक आणि धरायचं दुसरं! अशी एकाहून एक देखणी विमानं काढता काढता बाईसाहेबांची कंपनी दुसरीत विरघळली आणि दुसरी तिसरीत.

दाराशी शिडी होती, शिडीला साखळी होती आणि साखळीवर पाटी: आत प्रवेश नाही. शेजारी निळ्या डगल्यातले मंडळाचे हेर लिंडनर (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत) हात मागे बांधून उभे. वय माझ्याएवढंच.

रेवाने विचारून घेतलं आणि चेहरा पाडून सांगितलं, "आजोबा, दार चार वर्षांपासून उघडत नाही. एक नट अडकलाय. त्यांच्याकडे त्याचा... वेर्कत्सॉइग नाहीये."

"हत्यार म्हण. माझ्याकडे आहे," मी पिशवीतून पाना काढला.

हेर लिंडनरांचे डोळे चमकले. मग मिटले. "फरबोटन," म्हणजे मनाई, असं ते म्हणाले. विमानाला हत्यार फक्त मंडळाचा सभासद लावू शकतो. विम्याचा प्रश्न.

"मग सभासदांनी इंची पाना का विकत घेतला नाही?" मंदारने विचारलं.

घेणार होते. पण हत्यारांच्या मंजूर यादीत सगळी मापं मिलिमीटरची. यादी बदलायला सभा हवी. सभेत ठराव आला होता, पण तो नक्की कोणत्या मापाचा पाना यावर अडला. आकडा पान्याचा लिहायचा की बोल्टाचा? दोन तट पडले.

"गेनाऊ!" माझ्या तोंडून निघालं. म्हणजे 'अगदी बरोबर'. जर्मनीत आल्यापासून एवढा एक शब्द मला पक्का आला होता.

"बाबा, चला, केक खाऊ," मंदार हळूच म्हणाला. "परत येऊ कधीतरी."

"कधीतरी कधी? मंगळवारी आमचं विमान आहे. आणि पुढच्या वेळी मला इथवर आणायला तुला चाकांची खुर्ची लागेल."

 साखळीपलीकडे, हातभर अंतरावर ते दार. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी डगल्यामुळे बसता आलं नाही, आता डगला नाही म्हणून.

तेवढ्यात रेवाने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. हेर लिंडनर थबकले, "आल्झो..." असं आपल्या 'हं, तर मग'सारखं काहीतरी म्हणत कचेरीच्या खोलीत गेले आणि चार पानी अर्ज घेऊन आले.

"काय विचारलंस गं?"

"सभासद कसं व्हायचं ते."

अर्जात व्यवसाय, रक्तगट आणि 'उंचीची भीती वाटते का' हेसुद्धा होतं. वर्षाची वर्गणी दोन पिझ्झांएवढी, ती मंदारने मुकाट्याने भरली. दोन शिक्के बसले. मला निळा डगला देण्यात आला.

"आता कसे ओळखीचे दिसताय," सुमन म्हणाली.

गंजलेला नट निव्वळ जोराने ओढला तर कडा झिजतात. आधी एक आखूड हिसका उलटा, घट्ट करायच्या दिशेने, मग दोन लांब ओढी. हँगरमध्ये हे हाताला शिकवलं ते मास्तरांच्या ठेक्याने. लगागा. काही नाही. लगागा. बारीक कुरकुर. तिसऱ्या लगागाला नट सैल झाला. तरी मी चौथा दिलाच. चरण अर्धा सोडवत नाही.

हेर लिंडनर शेजारी उभे राहून वहीत लिहीत होते.

दार उघडलं. जुनं रेक्झिन, रबर आणि उंदीर, असा वास. मी तिसऱ्या रांगेत खिडकीशी टेकलो, तेवढ्यात खालून हाक आली, "अहो, डगला काढून बसा! खुर्ची खराब होईल."

मी काढला नाही. लंबगोल चौकटीत कुरण, मंदारची गाडी आणि बाकावर थालीपीठ खाणारी सुमन दिसत होती, भिंतीवरच्या जुन्या फोटोसारखी. फक्त हा फोटो घास चावत होता. मी बराच वेळ बसलो. हजेरी कापायला कुणी आलं नाही.

निघताना पाना मी तिथेच दिला. त्याच्या आकाराची रेघ आखून त्यांनी तो फळीवर टांगला, त्यासाठी ठराव लागला नाही. म्हणजे लागला असेल, पण नंतर.

ठाण्याला परतून सात महिने झाले. पाना होता ते कपाट आता चकल्यांच्या डब्याकडे गेलं आहे. परवा रेवाने फोनवर हेर लिंडनरांची मेल वाचून दाखवली: हिवाळ्यानंतर दार पुन्हा उघडलं. माझी पद्धत देखभालीच्या वहीत रीतसर नोंदली आहे. एक आखूड, दोन लांब, चार वेळा. नट तिसऱ्यालाच सैल झाला तरी चौथी फेरी सोडू नये. कारण अज्ञात, पण सभासदाने तसंच केलं होतं.

"वारूम, आजोबा? चौथी कशाला?"

"खरंच हो," सुमन म्हणाली, "कळवा त्यांना, चौथी नको म्हणून. उगीच म्हातारे दमतील."

मी रेवाला उत्तर सांगितलं, तिने जर्मनमध्ये लिहिलं: नोंद अचूक आहे. कृपया बदलू नये.