ट्रेलरची ओटी

माझ्या हातून ट्रेलरचा अपघात झाला तेव्हा ट्रेलर जागचा हललाही नव्हता.

हे वाक्य मी पुष्कळांना सांगून पाहिलं आहे. समोरचा माणूस आधी सहानुभूतीने मान हलवतो आणि मग मध्येच थांबतो. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

ट्रेलर माझ्या दादाचा. दादा मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये राहायचा. त्याने हा ट्रेलर घेतला तेव्हा आम्हाला वाटलं, घर लहान पडत असेल. आत पलंग, शेगडी, बेसिन, एवढंच काय, देवासाठी एक कोनाडासुद्धा होता. असा अवजड ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरला लावत नाहीत. त्याचं पुढचं नाक पिकअपच्या (इथे तिला यूट म्हणतात) मागच्या उघड्या हौद्यातच येऊन बसतं. हौद्यात एक ग्रीस लावलेली जाड लोखंडी तबकडी असते आणि तिला एक तोंड असतं. ट्रेलरच्या नाकाखाली मनगटाएवढा खिळा असतो. यूट मागे घेतली की खिळा त्या तोंडात शिरतो, तोंड मिटतं आणि झालं. या जोडणीला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. त्यात चाक कुठे आहे, असं मी दादाला एकदा विचारलं होतं. "तू पुस्तकं वाच," तो म्हणाला होता.

मी तेच करतो. सिडनीला पेंडल हिलमध्ये राहतो, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो आणि गाडी चालवतो ती स्टेशनपर्यंत.

दादा गेला त्याला आता वर्ष होत आलं. मेधावहिनीला घेऊन ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांपाशी जायचं, असं त्याने ठरवलं होतं. जागासुद्धा बघून ठेवली होती. ते राहिलं. ट्रेलर घराशेजारच्या गल्लीत तसाच उभा राहिला आणि शेवटी वहिनींनी तो विकायला काढला. सोमवारी एक माणूस बघायला येणार होता. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला.

"भाऊजी, एकदाच. तो माणूस यायच्या आधी एकदा तिथे जाऊन यायचंय. त्यांनी सांगितलं होतं तिथेच. येता का?"

वहिनी कधी काही मागत नाहीत. मी येतो म्हणालो. चालवणार कोण, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर वहिनी असेल असं मी गृहीत धरलं होतं. त्या यूट रोज चालवतात. पण शनिवारी सकाळी मी पोहोचलो तर वहिनींसोबत राहणाऱ्या आईने निकाल देऊन ठेवला होता.

"नंदू चालवेल. घरात पुरुषमाणूस असताना तिने कशाला एवढं धूड ओढायचं?"

"आई, मी कधी..."

"वाचून घे."

आईचा माझ्या वाचनावर असा विश्वास पूर्वी कधी दिसला नव्हता, त्यामुळे मी विरघळलो. दादाची माहितीपुस्तिका घेऊन व्हरांड्यात बसलो आणि पहिल्या पानापासून नीट वाचली. (प्रस्तावनासुद्धा.) बाकी कुणाला नसेल, पण मला ती आवडली. त्यात दोन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. एक, खिळा तोंडात बसल्यावर टॉर्च मारून तोंड पूर्ण मिटलंय का ते डोळ्यांनी बघा. दोन, ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीवर असतानाच, त्याचा ब्रेक दाबून यूट हलकेच पुढे ओढून बघा. थांबा, उतरा, पुन्हा बघा. मगच पाय वर घ्या.

मी हे चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. वहिनी मान डोलवत होत्या. आईने मात्र कप खाली ठेवला.

"निघायचं आणि थांबायचं?"

"निघायचं नाही आई, नुसतं ओढून बघायचं."

"नारळ फोडून, दहीसाखर हातावर घेऊन गाडी हलली की ती हलली. मग थांबणं नाही, उतरणं नाही. तुझ्या दादाच्या वेळी..."

 त्या दिवशी दादा हॉस्पिटलला निघाला होता आणि चष्मा राहिला म्हणून दारातून परत आला होता. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे, पण आईचं हे आहे, आणि त्यावर आमच्या घरात कुणी वाद घालत नाही.

मी अंघोळीला गेलो आणि शॉवरखाली उभा राहून तोडगा काढला. ओढून बघणं म्हणजे तरी काय, पुढे जाणं. निघणं म्हणजे काय, पुढे जाणंच. मग दोन्ही एकदमच करावं. ट्रेलर मागे आला तर चाचणी पास आणि आपण निघालेलो. फक्त त्यासाठी पाय आधीच वर घ्यावे लागतील. हा विचार मला तेव्हा फार सुटसुटीत वाटला.

बाहेर आलो तर आई यूटच्या हौद्यातून उतरत होती. (तिला चढता यावं म्हणून दादाने तिथे एक घडीची पायरी बसवून घेतली होती.)

"तिथे काय करत होतीस?"

"काही नाही. तू तुझं कर."

मी माझं केलं. वहिनी मागे उभ्या राहून हात दाखवत होत्या. "या... या... डावीकडे... भाऊजी, तुमचं डावीकडे... या." तिसऱ्या खेपेला खिळा तोंडात शिरला आणि 'टक्' असा आवाज आला. मी उतरलो, टॉर्च घेतला, वाकलो आणि आत बघितलं. आत काहीतरी हिरवंगार चमकलं. हिरवं म्हणजे सगळं ठीक, हा जगभरचा संकेत आहे. उत्पादकांनी माझ्यासारख्यांची किती सोय करून ठेवली आहे, असंही मनात आलं.

मी बटण दाबलं. ट्रेलरचे पाय घरघर करत वर गेले.

आईने नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. हातावर दहीसाखर घातली. वहिनी माझ्या शेजारी बसल्या, आई मागे. वहिनींनी मांडीवर दादाची टोपी ठेवली होती आणि खिडकीबाहेर बघत होत्या. मी गंभीरपणे गियर टाकला.

यूट निघाली. इतकी अलगद निघाली की मला दादाचं कौतुक वाटलं: एवढं ओझं मागे असून पत्ताच लागत नाही. मग मागून असा आवाज झाला की त्या रस्त्यावरचे सगळे कुत्रे एका सुरात बोलू लागले. यूटचं पुढचं तोंड जरा वर गेलं. आरशात ट्रेलरचं नाक खाली वाकलेलं दिसत होतं.

"थांबू नकोस," मागून आई म्हणाली.

"आई, तो थांबलाय."

खाली उतरून बघितलं. यूट हातभर पुढे आली होती. ट्रेलर होता तिथेच होता. फक्त त्याचं नाक हौद्याच्या दोन्ही कडांवर येऊन बसलं होतं आणि कडा त्या वजनाखाली बाहेरच्या बाजूला छान मुडपल्या होत्या. समोरच्या घरातला क्रेग हातात नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता. पाणी आता फुटपाथवर पडत होतं.

"यू राइट, मेट?"

"नो वरीज," मी म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं ते इतकी वर्षं इथे राहूनही मला माहीत नाही.

वहिनी तबकडीपाशी वाकल्या होत्या. त्यांनी दोन बोटांनी तोंडातून काहीतरी ओढून काढलं. ग्रीसने माखलेला हिरवा खण होता, जरीच्या काठाचा. त्यामागून तांदूळ आले, एक सुपारी आली आणि चेंगरलेलं हळकुंड आलं.

"आई, हे काय?" मी विचारलं.

आई शांत होती. "ओटी भरली. सोमवारी तो माणूस घाईघाईत घेऊन जाईल. माझ्या मुलाने हौसेने आणलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी रिकामी कशी पाठवू?"

"ओटी? तिथे?"

"त्याला पदर आहे का? जे उघडं दिसलं त्यात ठेवली." मग म्हणाली, "सवाष्ण कुठून आणायची सकाळी सकाळी? म्हटलं, मीच भरते. आता कोण काय म्हणणार आहे आपल्याला."

वहिनींनी तो खण हातात धरून ठेवला. त्याच्या काठावरचं ग्रीस अंगठ्याने पुसत राहिल्या. मला वाटलं, आपण काहीतरी शहाणपणाचं बोलावं.

"तसं बघितलं तर," मी म्हणालो, "तबकडी यूटची आहे. म्हणजे ओटी यूटची भरली गेली."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "किल्ली द्या."

पुढचं सगळं त्यांनी केलं. आधी ट्रेलरचे पाय खाली घेतले, नाक कडांवरून उचललं गेलं. सगळ्या बाजूंनी फिरून वाकून बघितलं. खिळा सरळ होता, वायर शाबूत होती, मोडतोड काय ती यूटच्या पत्र्याची. जुन्या टूथब्रशने तोंडातला एकेक तांदूळ काढला. मला बाजूला नुसतं उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. यूट एकाच खेपेत मागे घेतली. टॉर्च मारला. आता आत हिरवं काही नव्हतं, नुसतं काळं लोखंड मिटलेलं होतं. ते किती घट्ट दिसतं हे मला तेव्हा कळलं.

"आता ओढून बघणार," वहिनी म्हणाल्या आणि आईकडे बघितलं. "पुढे घेणार, आणि थांबणार."

आमचं जाणं इथेच अडणार असं मला वाटलं. आईने वाकून ट्रेलरच्या चाकांकडे बघितलं.

"मघाशी हा निघाला नव्हताच," ती शेवटी म्हणाली. "जागचा हलला का? नाही. मग मोडलं काय? निघाल्यावर थांबायचं नाही. हा अजून निघायचाय." आणि तिने आमच्याकडे पाठ केली. "मी गुलाब बघते. मला दिसलं नाही म्हणजे झालं."

आई गुलाब बघत असताना वहिनींनी यूट ओढली. ट्रेलरने ती जागच्या जागी धरली. त्या थांबल्या, उतरल्या, बघितलं, पाय वर घेतले. "आई, झाले गुलाब बघून?"

"चांगले आलेत. चल."

वळणं वहिनी इतकी मोठी घेत होत्या की ट्रेलरचं मागचं चाक एकदाही फुटपाथला लागलं नाही. उतारावर आधीपासून वेग कमी, पुढच्या गाडीपासून लांब. मी मागच्या सीटवर बसून पुस्तिकेतलं वाचून दाखवायला लागलो तेव्हा आईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या मांडीखाली ठेवली. तिन्हीसांजेच्या आत आम्ही डोंगरांपाशी पोहोचलो. दादाने सांगितलेली जागा बरोबर होती. समोर कडा, खाली गवतात कांगारू. वहिनींनी आतल्या शेगडीवर चहा केला, दोन कप बाहेर आणून आम्हाला दिले आणि स्वतःचा घेऊन जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना राहू दिलं.

परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "सोमवारी त्याला नाही म्हणून सांगते."

"आणि मी ओटी भरली ती?" आईने विचारलं.

"माहेरी आलाय म्हणायचं."

सोमवारी तो माणूस आला. मुद्दाम सुट्टी काढून आला होता, म्हणून वहिनींनी त्याला आधी कॉफी दिली आणि मग सॉरी म्हणाल्या. तो हिरमुसला. ट्रेलरभोवती एक फेरी मारून यूटपाशी आला आणि मुडपलेल्या कडांवरून हात फिरवत म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड हिअर?"

"माय ब्रदर-इन-लॉ," वहिनी म्हणाल्या.

हे उत्तर त्याला पुरलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आवाज खाली घेऊन वहिनींना विचारलं, "तुम्ही ट्रेलर ठेवला तर ओढणार कोण? हा?"

"नो, नो. मी."

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने वहिनींशी हात मिळवला, आईला वाकून बाय केलं आणि शीळ घालत गेला. ट्रेलर काही त्याला मिळाला नाही. पण त्या माणसाला रोज याच रस्त्यांवरून गाडी चालवायची होती.