आईची बाजारची गाडी

आमच्या घरात नवीन वस्तू वापरायची नसते, जपायची असते. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही आणि सोफ्याचा खरा रंग बहुधा फक्त बाबांना माहीत आहे, कारण त्यावर कायम जुनी चादर. अशा घरात मी आईसाठी बॅटरीवर चालणारी चारचाकी स्कूटर आणली. धन्य आहे माझी.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईचा डावा पाय तिचं ऐकेनासा झाला होता. वॉकर धरून ती बाथरूमपर्यंत जायची, त्यापुढे नाही. तिचा हट्ट एकच होता, बाजारात जाऊन स्वतः निवडून मासळी आणायची. बाबांनी आणलेले बोंबील बघून ती म्हणायची, "अहो, डोळे मिटून घेतलेत का? ह्यांनी केव्हाच मान टाकलीय." गोडदेवच्या बाजारात तिची ठरलेली मासेवाली होती. गिरगाव सोडून आम्ही इथे आलो तेव्हापासून दोघी मासळीच्या भावावरून भांडत होत्या. ते भांडण थांबलं, याचं आईला पायापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

गाडी आली आणि बाबांनी तिचा ताबा घेतला. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा घेतली नव्हती. फ्रिजशेजारी जागा केली, जुन्या पडद्याचं कव्हर शिवून घेतलं. रोज सकाळी देवपूजा झाली की गाडी पुसायचे. आई विचारायची, "आज जाऊ का हो बाजारात?" तर म्हणायचे, "आज ऊन आहे, सीट तडकेल." दुसऱ्या दिवशी, "रस्त्यावर खडी टाकलीय, टायर जातील." पाहुणे आले की मात्र कव्हर काढून गाडी दाखवायचे, आणि आई सोफ्यावर बसून ते कौतुक बघायची. वापरायचीच नाही, तर चार्जिंग तरी कशाला, असं त्यांचं साधं गणित होतं.

शेवटी दसऱ्याला बाहेर काढायचं ठरलं. त्या दिवशी नाक्यापर्यंत फेरी, मासळी दुसऱ्या दिवशी. गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आई जरीची साडी नेसून ऐटीत बसली आणि तिने चावी फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. लिंबू अख्खंच राहिलं.

दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "अंकल, चलाते नहीं थे क्या? पड़े पड़े बैटरी मर गई."

"संभालके रखा था ना," बाबा एवढंच बोलले.

आई आधी हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "मला गाडी नको होती हो, मला बाहेर जायचं होतं." मला बाबांचा इतका राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून मी चाकाखालचं लिंबू उचलायला वाकले. त्या दिवशी श्रीखंडाला कोणी हात लावला नाही.

नवी बॅटरी बसली आणि गाडी रोज बाहेर पडायला लागली. सुरुवातीला बाबा पुढे चालत रिक्षावाल्यांना "साइड दो, साइड दो" करत सुटले. आई वैतागली, "माझी वरात काढताय का? घरी बसा." मग ती एकटीच जायला लागली. संध्याकाळी परत यायची ती तावातावाने, आज मासेवालीला कसं गप्प केलं ते सांगत. बाबा पुढची टोपली लिंबाच्या सालीने घासायचे, चार्जर लावायचे, आणि दिवा हिरवा झाला की भात शिजल्यासारखं आतून ओरडायचे, "झाली गं!" लिफ्टमधल्या मासळीच्या वासावरून वरच्या मजल्यावरच्या भाभी कुरकुरायच्या आणि मी लाजेने मरायचे. आता लिफ्टला नुसता फिनेलचा वास येतो. त्या संध्याकाळी मला फार हव्याशा वाटतात.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. गाडी कुणालातरी देऊन टाकू म्हटलं, तर बाबा ऐकेनात. चार्जिंग चालूच. आणि नुसती उभी ठेवली तर बॅटरी मरेल म्हणून ते स्वतःच तिच्यावर बसून सोसायटीत फेऱ्या मारायला लागले. खरं तर त्यांचे गुडघेही आता कुरकुरतात, पण ते कबूल कोण करणार.

परवा मात्र बराच वेळ झाला तरी ते वर येईनात. मी चप्पल घालून निघणार तेवढ्यात दारात आले, हातात पिशवी.

"गोडदेवला गेलो होतो. तिच्या मासेवालीने गाडी ओळखली," ते म्हणाले. "हाक मारून विचारलं, आई कुठं हाय? लय दिस झाले, दिसली न्हाय."

"मग?"

"मला सांगताच आलं नाही गं. म्हटलं, घरी आहे."

मी पिशवी घेऊन ओट्यावर उघडली. बोंबील ताजे होते, चांगले चकचकीत. बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"वरचे दोन तिने जास्तीचे घातलेत," ते म्हणाले. "तुझ्या आईसाठी."