ड्राय सूटच्या आत बाबांचा स्वेटर

मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी बाबांनी गावच्या धक्क्यावर अंगातला स्वेटर काढून माझ्या हातात दिला. आईने लोकरीचा विणलेला, थंडीत होडीवर घालायचा. बाहीत एकदा गळ अडकून भोक पडलं होतं. ते त्यांनी जाळं सांधायच्या निळ्या दोऱ्याने शिवलं होतं.

"परदेशात बर्फ पडतो. घे."

सिंगापूरला थंडी नसतेच, हे मी त्यांना समजावून सांगितलं. कोळ्याच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, समजावायची हौस भारी!

"असू दे गो. कॉलेजवाल्यांना थंडी वाजत नाय का?"

स्वेटर बॅगेच्या तळाशी गेला, तिथेच राहिला. त्याच हिवाळ्यात बाबांची होडी उलटली. बाबा बुडाले नाहीत. पालथ्या होडीला धरून राहिले, दुसऱ्या होडीवाल्यांनी जिवंत वर काढलं. पण अंगावर ओला सुती सदरा आणि वर बोचरा वारा. किनारा येईपर्यंत गारठ्यानेच जीव गेला.

आता मी सिंगापूरच्या पुंगोल भागात राहते, शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते. रविवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर पासिर रिसच्या किनाऱ्यावर वल्ह्याची छोटी कयाक चालवते. गावाकडचे विचारतात, अजून पाण्यात कशी जातेस? कोळ्याची मुलगी पाण्यावर रुसून जाणार कुठे? इथे टी-शर्टवर भागतं. यंदा मात्र ग्रुप न्यूझीलंडच्या दक्षिणेला निघालाय, तिथलं पाणी बर्फासारखं, म्हणून कयाकच्या सामानाच्या दुकानात गेले.

तिथल्या चिनी मुलीने आधीच बजावलं, कपडे हवेकडे बघून घ्यायचे नाहीत, पाण्याकडे बघून घ्यायचे. वेट सूटमध्ये थोडं पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेने कोमट होतं. इतक्या गार पाण्याला ड्राय सूटच हवा, गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबर असलेला. पण तो फक्त पाणी अडवतो, ऊब आतल्या कपड्यांची.

"इनसाइड वेअर वूल. कॉटन कॅनॉट, लाह! कॉटन वेट, यू फ्रीझ. वूल वेट, स्टिल वॉर्म."

ती हसत सांगत होती. इतकी वर्षं जे कुणाला विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर ती न विचारता देऊन गेली.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. ती ओटीवर सुकट निवडत होती.

"आई, त्या दिवशी स्वेटर बाबांच्या अंगात असता तर?"

तिचे हात थांबले नाहीत. "होडीवर कधी घातला त्यांनी? काखेत दाटतो म्हणायचे. धक्क्यावर मिरवायला घालायचे नुसते."

"नक्की?"

"मी विणला, मला विचारतेस? आणि बर्फाच्या पाण्यात चाललीयेस ना? मग आतून तोच घाल. त्यासाठीच दिलाय त्यांनी."

स्वेटर माझ्या मांडीवर होता. निळ्या टाक्यांवरून बोट फिरवत मी म्हटलं, "हो गं. दाटतच असेल."

धक्क्यावर मिरवणाऱ्याच्या बाहीत गळ अडकत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

गावाकडचे हेही विचारतात, आता घर कुठलं? फ्लॅट पुंगोलला आहे, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवानाही मिळालाय. पण माझ्या जिवाला लागू नये म्हणून सुकट निवडता निवडता खोटं बोलणारं माणूस जिथे बसलंय, घर तिथे.

बॅग भरून झालीय. या वेळी स्वेटर सगळ्यात वर ठेवलाय.