अक्काचा अर्धा फोटो

आज सांगलीत माझ्या नातीचं नाचाचं फोटोशूट होतं. तयारीला माझी थोरली बहीण, अक्का, मुद्दाम कडेगावाहून आली. घुंगरं तिनंच बांधली.

सत्तरच्या दशकात अक्का शाळेच्या गॅदरिंगला नाचायची. फौजेतनं सुट्टीवर आलेले वडील तिला फोटो काढायला घेऊन गेले. ती पायांना आळता लावून, घुंगरं बांधून उभी राहिली. वडील फोटोग्राफरला म्हणाले, "कमरंच्या वरचाच काढा. स्थळाला दाखवायचाय."

लग्न जमलं. नाच तिथंच थांबला.

आज फोटोशूट संपल्यावर अक्का हळूच म्हणाली, "माजा बी एक काढा की. नुसत्या पायांचा."

नात अक्काला घुंगरं बांधायला बसली, पण सुजलेल्या घोट्यांना दोरी पुरेना.

"ऱ्हाऊ दे गं," अक्का म्हणाली आणि लुगडं खाली ओढून घेतलं.

तुमच्या घरच्या जुन्या फोटोंत कोण असं अर्धंच आलंय?