घरच्यांचा केसपेपर

आई गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. ही तक्रार नाही. कामाला ते सोयीचंच पडतं. मुळशीतल्या छोट्या-मोठ्या हॉस्पिटलांत जाऊन तिथल्या स्टाफला लसीने टळणारे आजार ओळखायला आणि वर कळवायला शिकवणं, हे माझं काम. गोवर, रुबेला, घटसर्प, डांग्या खोकला. तीच चित्रं, तीच वाक्यं. प्रत्येक वेळी वाटायला लागलं तर बोलणार कसं?

त्या दिवशी भुकूमच्या पुढे एका खासगी हॉस्पिटलात होते. जेवणं उरकून सगळे वरच्या खोलीत बसलेले: डॉक्टर, सिस्टर, रिसेप्शनची मुलगी, वॉर्डातल्या मावशी. निम्म्यांचे डोळे मिटलेले. इथला दर आठवड्याचा अहवाल कायम 'निरंक', म्हणजे एकही संशयित पेशंट नाही. तुमच्याकडे काय देवमाणसं राहतात का, असं मी विचारलं. कोणी हसलं नाही.

"ताप आणि अंगावर पुरळ, एवढं दिसलं की कळवायचं," मी म्हटलं. "गोवर आहे की नाही ते तुम्ही ठरवायचं नाही, ते रक्तावरून ठरतं. एवढ्यात असं कोणी आलं होतं?"

"नाही मॅडम," डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांनीही माना हलवल्या. खोटं बोलत नव्हते बिचारे.

तेवढ्यात दार ढकलून एक लहान मुलगी आत आली. गालांवर, मानेवर बारीक लाल पुरळ. ती सरळ पुढच्या रांगेतल्या तरुण सिस्टरच्या मांडीवर जाऊन बसली. सिस्टरने सवयीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, केस मागे सारले. सिस्टरचं पोट अजून दिसत नव्हतं. पण मघाशी चहा नको म्हणताना तिनेच मला सांगितलं होतं, तिसरा महिना आहे, वाससुद्धा सहन होत नाही.

"ही कोण?"

"ती व्हय? माजी नात हाय," मागून मावशी म्हणाल्या. "गरमी उठलीया अंगावर. ताप बी हुता, पर डॉक्टरांनी औषध दिलंय."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "हिचा केसपेपर?"

"अहो, घरच्यांचा कुठे केसपेपर काढतो आपण?"

ते मनापासून म्हणाले. इथली रीतच ती. स्टाफच्या पोरांना रांग नाही, कागद नाही. जाता जाता तपासायचं, कपाटातली बाटली हातात द्यायची. माया होती त्यात. पण केसपेपर नाही म्हणजे पेशंट नाही, आणि पेशंट नाही म्हणजे निरंक. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी एरवी सुनावलं असतं.

"लस झालीय हिची?"

"एक सुई राह्यली. तवा आमी रिहे गावात हुतो, लेकीकडं."

पुढचं चित्र रुबेलाचं होतं. ते वाक्य मला झोपेतही येतं: पोरांना हा आजार अंगावरून जातो, पण सुरुवातीच्या महिन्यांत गरोदर बाईला झाला तर बाळाचे डोळे, कान, काळीज यांना धोका असतो. मी ते बोलून मोकळी झाले. मग पाहिलं, तर तरुण सिस्टरचा हात मुलीच्या केसांतच थांबला होता.

"मॅडम, ताप आल्यापासनं मीच हिला भरवतीय."

तिने मुलीला ढकललं नाही. हळूच खाली उतरवलं. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि नातीला घेऊन त्या बाजूच्या रिकाम्या खोलीत गेल्या.

"रुबेलाच असेल असं नाही," मी म्हटलं. "तिचं रक्त पाठवू. तुझंही आजच तपासू. लहानपणी लस घेतली असशील, तर बहुतेक काळजी नाही."

"आठवत न्हाई."

माझा आवाज मलाच परका वाटत होता. सपाट, स्वच्छ.

डॉक्टर घाईने उठले. "बस तू, मी इथेच रक्त घेतो. तू तर घरचीच."

"नको सर," ती म्हणाली आणि खाली गेली. आम्ही मागोमाग. ती काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, पेशंट उभे राहतात तिथे उभी राहिली. रिसेप्शनची मुलगी आत जाऊन आपल्या खुर्चीत बसली; रोज ती सिस्टरच्याच डब्यात जेवायची.

"माजा केसपेपर काढ."

"तुझा कशाला गं?"

"काढ. आज मी घरची न्हाई, पेशंट हाय."

नाव, वय, गाव. गाव मुठा. रिसेप्शनच्या मुलीने लिहून घेतलं आणि सवयीने पुढचं विचारलं, "सोबत कोण आहे?"

आईच्या आजारपणात हा प्रश्न मला हॉस्पिटलच्या खिडकी-खिडकीवर विचारला होता. ती गेल्यावर कोणी विचारला नव्हता.

सिस्टरने मागे वळून पाहिलं. नवरा हिंजवडीला ड्युटीवर होता. "कुनी न्हाई."

"मी आहे," मी म्हटलं.

आवाज मघासारखा सपाट निघाला नाही; काउंटरवरच्या मुलीला ऐकूच गेलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं.