डोंगा निघेल असा आवाज

पॉप गायकांचे आवाज उलगडून दाखवणं हे माझं काम. काल हेडफोनमध्ये एकीचा वरचा सूर न फाटता लांबत गेला आणि मी थेट लहानपणीच्या भामरागडच्या नदीकाठी पोचलो.

रस्ता पाण्याखाली, दवाखाना पलीकडे, मी तापाने फणफणलेला. माणसं ने-आण करणारा लाकडी डोंगा आणि त्याचा नावाडीही पलीकडेच. माणसं ओरडून थकली. मग आईने पोटात श्वास भरला, जबडा सैल सोडला आणि "भाऊ ओ" म्हणत शेवटचा ओ लांबवला.

डोंगा निघाला.

नावाडी म्हणाला, "बाकीचे बोंबलून राह्यले होते बाई, मले तुमचीच हाक आली."

तेव्हा ती मला नुसती हाक वाटली होती. आता कितीही मोठा गायक असो, मी आधी हेच बघतो, की याच्या आवाजावर डोंगा निघाला असता का.